केळीच्या कोवळ्या पानाचा रंग

दशरथ घाडीची उभी हयात मिलच्या रंगखात्यात गेली. ब्याऐंशीत संप झाला आणि त्याच्या बोटांवरचा रंग पहिल्यांदाच पुरता निघाला. पुढे त्याच्या खात्याला कुलूप लागलं, ते निघालं नाही. गोरेगावच्या चाळीत तो नुसता बसून राहिला.

त्या दिवसांत शेजारचा अनंत पेडणेकर स्कूटरवरून तांदळाची पिशवी आणायचा, दारात ठेवायचा आणि कुणी काही बोलायच्या आत सटकायचा. अनंत स्टुडिओत सुतार. दशरथची बायको नलिनी तापाने फणफणली, तेव्हा याच लॅम्ब्रेटा स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून तिला दवाखान्यात नेलं. दशरथ आभार मानायला गेला की अनंत चिडायचा.

मग अनंतची बायको रत्नप्रभा वारली. तेव्हापासून स्कूटर जिन्याखाली गंजत होती. तिचा रंग रत्नप्रभानेच निवडलेला, नुकत्याच उलगडलेल्या केळीच्या पानाचा.

"गाडी मी रंगवतो," एक दिवस दशरथ म्हणाला. "रंग तोच. जराही फरक नाही."

"लोखंड आहे रे ते, मिलचा लठ्ठा नाही."

"गप बस. चावी दे."

त्याने गंज मुळापासून खरवडला. पोचे लांबीचा लगदा भरून बुजवले, घासले, रंगाखालचं अस्तर दिलं, पुन्हा घासलं. सीटखाली मूळ रंगाचा एक पट्टा वाचला होता, तेवढा मुद्दाम ठेवला. पांढऱ्यात हिरवा, थेंबभर पिवळा मिसळून रंग त्या पट्ट्याशी ताडला आणि एक छटा गडद ठेवला. रंगखात्यातली सवय. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की उतरतं. ओळखीच्या गॅरेजमधून स्प्रेगन आणून त्याने सगळ्या गाडीला रंग मारला.

सकाळी उन्हात पाहिली आणि तो मटकन खाली बसला. रंग उतरला नव्हता, उलट आणखी चढला होता. केळीच्या पानाचा पोपट झाला होता.

"काय झाला?" नलिनी बाहेर आली. बघून म्हणाली, "तुमी कापड रंगवलास, गाडी नाय."

अनंत आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. "चालेल रे. झकास आहे," तो म्हणाला, पण भिंतीकडे बघत.

"चालेल? तू चौकट बोटभर तिरकी बसवशील आणि चालेल म्हणशील?"

अनंत घरात गेला आणि खरवडायची पट्टी घेऊन आला.

"ऊठ, चूक माझी आहे," दशरथ म्हणाला.

"गाडी माझी आहे. सरक तिकडे."

दोघं समोरासमोर बसून खरवडू लागले. रत्नप्रभा गेल्यापासून अनंतने तिचं नाव काढलं नव्हतं. पट्टी चालवता चालवता तो आपसूक बोलू लागला. "दुकानात करडी गाडी होती. ही म्हणाली, करडी घेतलीत तर तिच्यावर सासरेबुवा बसल्यासारखे दिसाल." तो हसला. हसता हसता पुढचं वाक्य राहून गेलं. दशरथने मान वर केली नाही, हात चालू ठेवला.

या वेळी प्रत्येक मिश्रण त्याने पत्र्याच्या तुकड्यावर लावलं, कडकडीत वाळू दिलं आणि मगच पट्ट्याशेजारी धरलं. पुष्कळ तुकडे फेकले. जुळला, तेव्हा पातळ हात मारला, वाळवला, घासला आणि पुन्हा मारला.

गाडी तयार झाल्यावर अनंतने सीट उचलली. आत वाकून बोट फिरवत राहिला.

"जुना रंग कुठे संपतो रे?"

"शोध."

सापडला नाही. अनंतने बाहीने डोळे पुसले आणि ओरडला, "वहिनी, चला! पहिली फेरी तुमची."

नलिनीने पदर खोचला आणि मागे बसली. स्टेशनपर्यंत जाऊन परत आली, तेव्हा केस विस्कटले होते आणि चेहरा खुलला होता. दशरथला म्हणाली, "फिटले ना एकदाचे उपकार?"

"कसले फिटतायत! फेडायला गेलो आणि वर आणखी घेऊन आलो," दशरथ म्हणाला. "भात वाढ."

तो पोटभर जेवला आणि मिलमधली पाळी संपवून आलेल्या माणसासारखा गाढ झोपला.