वांगणीजवळचा बंधारा आणि वर न चढणारे मासे

आमच्या अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी बाकीचं जग कामावर, त्यामुळे भटकायला सोबत मिळत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मात्र माझी नणंद प्राजक्ता स्वतःहून म्हणाली, "वहिनी, शुक्रवारी वांगणीकडे साइटवर जायचंय. येतेस? एकटीने जावंसं वाटत नाहीये."

प्राजक्ता सरकारी जलसंधारणाच्या कामांवर कनिष्ठ अभियंता आहे. वांगणीच्या पुढे एका ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा हे तिचं नोकरीतलं पहिलं काम. पाणलोट दुरुस्तीचा निधी आला होता, त्यातून या बंधाऱ्याची भिंत फूटभर वाढवायची होती. त्याआधीची ही पाहणी.

सकाळी सातला अंबरनाथहून स्कूटरवर निघालो. जाणार असाल तर नाश्ता बदलापुरातच उरका, पुढे वेळेवर काही मिळेलच असं नाही. आम्ही मिसळ घेतली. प्राजक्ताने अर्धी तशीच ठेवली. वांगणी सोडल्यावर नव्या इमारतींच्या जाहिराती विरळ होतात, फार्महाऊसची फाटकं लागतात आणि मग भाजीचे मळे. शेवटचा दीडेक किलोमीटर कच्चा आहे.

ओढ्यावर तिचे साहेब आधीच आले होते. सोबत सावंत सर, मासे आणि नद्यांचे जाणकार, तांत्रिक सल्ल्यासाठी सरकारने पाठवलेले. गावातले आठ-दहा जण उभे होते. ओढ्यात मासेमारी करणाऱ्या जनाबाई सरळ प्राजक्तासमोर आल्या.

"पावसात मासं अंडी घालाया वर चढतात, ताई. आता या भिंतीवर आपटतात नि खालीच ऱ्हातात. वरच्या डोहात एक खवली मासळी नाय. आमी जाळं कुठं टाकाचं?"

"भिंत हाय म्हनून माझ्या विहिरीला पानी हाय," शेजारचे शेतकरी काशिनाथभाऊ म्हणाले. "भिंत फोडाची नाय."

सावंत सरांनी दोघांचं ऐकून घेतलं, खाली उतरून भिंतीची उंची मोजली. "फोडायची गरज नाही. फक्त वाढवू नका. माथ्याला एका बाजूला वीतभर खाच द्या आणि तिच्याखाली मोठ्या दगडांचा उतार करा. मधे मधे खळगे ठेवा. मासा दमला की तिथे थांबेल, मग पुढे चढेल."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. "मंजुरी भिंत वाढवायची आहे. बदल म्हणजे फाइल पुन्हा जिल्ह्याला जाणार, आणि मार्च संपला की निधी परत. प्राजक्ता, अहवालात काय लिहू?"

ती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, 'सर, तुम्ही ठरवा' म्हणेल.

"या बंधाऱ्याचा नकाशा माझा आहे, सर," ती म्हणाली. "मासे कुठून जातील याचा मी विचारच केला नव्हता. वाढवू नये असं लिहा."

साहेबांनी तसं लिहिलं. निधी परत गेला. तो पावसाळा तसाच गेला, जनाबाईंचा मुलगा बिगारीवर जायला लागला. प्राजक्ताने सावंत सरांच्या मदतीने नवा नकाशा काढला, तीन वेळा त्रुटी निघाल्या, तीन वेळा दुरुस्त केल्या. यंदा मंजुरी आली आणि मे महिन्यात दगड बसले.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. या दिवसांत जायचं तर स्कूटर डांबरी रस्त्यावरच ठेवा, पुढे घोट्यापर्यंत चिखल असतो. जनाबाई काठावर बसल्या होत्या. दगडांवरून पाणी उतरत होतं, तिसऱ्या खळग्यात बोटभर लांबीचे मासे थांबलेले दिसत होते. अर्धा तास बघितल्यावर एकाने उडी घेतली आणि तो मागे पडला. दुसराही पडला. तिसरा खाचेतून वर गेला. प्राजक्ताने माझा दंड घट्ट धरला होता.

"खवली चढते," जनाबाई म्हणाल्या. "शिवडं मासं अजून दिसलं नाय."

"येतील ना, मावशी?"

"मला काय ठावं? आनि गेलं ते पावसाळं कोन भरून देनार?"

"कोणी नाही," प्राजक्ता म्हणाली.

जनाबाईंनी थोडं सरकून तिला दगडावर जागा दिली.

कंपनीच्या लॅबमध्ये मी रोज पाण्याचे नमुने तपासते. पाण्यात काय विरघळलंय ते मला कळतं, पण त्यातून कोण ये-जा करतं हा प्रश्न माझ्या तक्त्यात कधी नव्हता. या सहलीतून माझ्याकडे तेवढं एक राहिलं.

घरी आल्यावर जेवायचं सोडून प्राजक्ताने लॅपटॉपवर तिच्या बंधाऱ्यांची यादी उघडली. वांगणीच्या त्याच जुन्या नकाशाप्रमाणे तिने आणखी चार बंधारे बांधलेत, हे मला तेव्हा कळलं.