निरंजनच्या गेममधला सूर्य

डॉक्टरांनी निरंजनला सांगितलं होतं, "याच आठवड्यात अँजिओग्राफी करून घ्या."

हे मला माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं.

आज वर्ष झालं.

निरंजन साताऱ्याचा. वय चौतीस. राहायला झिरकपूरला, नोकरी मोहालीच्या एका गेम कंपनीत. काम काय, तर गेममधली पात्रं काय बोलतील ते लिहायचं. ओळख झाली मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की हे गृहस्थ, म्हणजे मी, वार्ताहर असले तरी संस्कृत शिकलेले आहेत.

"सर, आमच्या राक्षसाला संस्कृत बोलायचंय. मदत कराल?"

"राक्षस शिकलेला आहे, की इंजिनिअर?"

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी स्वारी लॅपटॉप घेऊन माझ्या घरी. मी पहिल्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या वळणावर तो जरा थांबायचा.

मला वाटायचं, मोबाईल बघतोय.

मी आयुष्यात कधी गेमचा कंट्रोलर हातात धरला नव्हता. पहिल्या रविवारी पहिल्याच पुलावरून खाली पडलो. मग परत. मग परत.

"काय सर, परत मेलात?"

"मेलो बाबा."

"मरा बिनधास्त. इथं मरण फुकट आहे."

खेळता खेळता तो वर्ग घ्यायचा. कुठल्या गेममध्ये नुसती तलवार फिरवण्यातच इतकी मजा असते, की गोष्ट नसली तरी कुणी विचारत नाही. कुठल्या गेमची गोष्ट रडवते, पण आपण फक्त बोळातून पुढे चालत असतो. "खेळणारा म्हणजे पानं उलटायला ठेवलेला नोकर, सर. दुसरं काही नाही." आणि काही गेम म्हणतात, निवड तुमची, गोष्ट तुम्ही घडवा.

"ते खरं?"

"अहो, मीच लिहितो ना. तीन उत्तरं देतो. खेळणारा दहा मिनिटं विचार करतो. तिन्ही उत्तरं एकाच दारात जातात. त्याला निवडल्यासारखं वाटलं की झालं."

"आमच्याकडे याला दैव म्हणतात. तुम्ही त्याला पगार देऊन ठेवलंय."

यावर तो इतका हसला की धाप लागली. पाणी प्यायला. मी पुढचा टोमणा तयार करत होतो.

त्याच्या गेममध्ये एक गाव होतं. सूर्यास्ताला राक्षस येऊन ते जाळणार. मी हे वाचलं आणि पळत सुटलो. हा शेजारी बसून पोहे खातोय.

"सर, धावताय कशाला? तुम्ही पोचल्याशिवाय सूर्य मावळत नाही."

"म्हणजे?"

"मुख्य मिशन थांबतं. आधी बारीकसारीक कामं उरका. कुंभाराचं गाढव हरवलंय, ते शोधा. वैद्याला मुळ्या आणून द्या. गाव कुठं पळून जातंय?"

मी तीन रविवार गाढव शोधलं. सूर्य तिथंच. गावातली बाई दर वेळी तेच वाक्य म्हणायची, "लवकर या, वेळ उरला नाही."

चौथ्या रविवारी त्याने सहज सांगितलं. स्ट्रेस टेस्ट केली. रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात.

"मग?"

"गेम रिलीज होऊ दे. तीन आठवडे. मुख्य मिशन थांबतं, सर."

मी म्हटलं, "तुझा सूर्य कोणी धरून ठेवलाय रे?"

दोघंही हसलो. वाक्य चांगलं जमलं होतं. मला अजून आठवतं, मी स्वतःवर खूश होतो.

जाताना दारात म्हणाला, "मृणालला सांगू नका यार. भावाच्या लग्नासाठी माहेरी गेलीय. कळलं तर लगेच विमानात बसेल."

"नाही सांगत."

त्याच्या धंद्यात तीन उत्तरांमागे दार एकच असतं. माझ्यासमोरही तीन होती. तिला फोन करणं. त्याला हात धरून हॉस्पिटलात नेणं. गप्प बसणं.

त्यांची दारं वेगवेगळी होती.

पुढचे दोन रविवार तो आला. वळणावरचा थांबा लांबला होता. आता मला कळत होतं, तो मोबाईल बघत नाहीये. मी वरून हाक मारली, "काय, गाढव शोधतोयस का?"

खालून उत्तर यायला वेळ लागला.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी त्याच्या नंबरवरून फोन. आवाज टॅक्सीवाल्याचा. झिरकपूरच्या जॅममध्ये गाडी अडकलेली. मागून हॉर्न.

"सर जी, एह हिलदे नहीं. आखरी नंबर आपका था. आप इनके कौन लगते हो?"

वार्ताहर माणूस मी. लोकांना प्रश्न विचारून पोट भरतो.

"पहचान वाला," म्हटलं.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं.

त्या दिवशी मी इथंच पोस्ट टाकली होती, निरंजन अचानक गेला. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत. कुणी लिहिलंत, काळाने घाला घातला. काळाला बिचाऱ्याला बोलता येत नाही.

काल मी साताऱ्याला मृणालला फोन केला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "काका, मी लग्न सोडून आले असते. कॉलर धरून नेलं असतं त्याला."

"माहितीय."

"आणि तुम्हाला हे सांगायला वर्ष लागलं?"

मी विचारलं, उद्या त्याच्याविषयी लिहू का?

"लिहा. नाव घालून लिहा. फक्त अचानक गेला असं लिहू नका."

फोन तिनेच ठेवला.

तर मित्रहो, दुरुस्ती.

निरंजन अचानक गेला नाही. तीन आठवडे जात होता. मी बघत होतो.

निरंजन, तुला नमस्कार. माफी तुझ्याकडे मागत नाही. जिच्याकडे मागायची, तिने अजून दिलेली नाही.