उत्तराने आग्रहाची वाट पाहिली

नोकरी गेल्यापासून उत्तराला फोनची भीती वाटायची. वाजला तरी, नाही वाजला तरी.

आइंडहोवन या डच शहरातल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत ती टेस्ट इंजिनिअर होती. कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिचं नाव निघालं. नोकरीमुळे तिला मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावरच सगळं घर उभं होतं. नवरा सुश्रुत, शाळेत जाणारी अवनी, जवळच्या न्यूनेन गावातलं भाड्याचं घर. दुसरी नोकरी शोधायला सरकार तीन महिने देतं. त्यातला शेवटचा महिना लागला होता. नाही मिळाली तर देश सोडायचा.

"आपण जाणार का?" अवनी डचमध्ये विचारायची.

"दूध पी," उत्तरा मराठीत सांगायची.

मंजूषाताई पलीकडच्या गल्लीत राहायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. स्वतःच्या नोकरीसाठी भरपूर हेलपाटे घालून आता ती नोकरभरतीच्याच कामात होती. तिने उत्तराचा सीव्ही निम्मा उडवला.

"चार पानं? लग्नपत्रिकासुद्धा एवढी नसते गं. वडिलांचं नाव कशाला? जाहिरातीत जे मागितलंय ते आधी लिही. आणि त्यांचीच कंपनी का हवी, ते पत्रात सांग. कुठल्याही कंपनीला चालेल असं पत्र कुणी वाचत नाही."

"आणि मुलाखतीत?"

"खरं बोल. लाजू नकोस."

नव्या सीव्हीवर एकच बोलावणं आलं. कापेल आन डेन आयसेल या गावातल्या एका छोट्या कंपनीचं.

टीमची प्रमुख मार्लूस स्वतः दारापर्यंत घ्यायला आली. कॉफी घेणार का, तिने विचारलं. उत्तरा म्हणाली, "नको, नको." मार्लूसने स्वतःपुरती आणली. उत्तराचा घसा कोरडाच राहिला.

कामाचे प्रश्न मात्र तिने झरझर सोडवले. मार्लूस पुढे झुकून ऐकत होती. मग म्हणाली, "आम्हाला नवी टेस्ट टीम उभी करायची आहे. तू सांभाळशील?"

हेच तर हवं होतं. उत्तराने मान खाली घातली, हसली. "एवढं मोठं काम मला कुठलं जमायला!"

आता मार्लूस म्हणेल, असं काय, तूच करणार. उत्तरा थांबली.

मार्लूस म्हणाली, "प्रामाणिकपणे सांगितलंस. धन्यवाद." आणि उठून हात पुढे केला.

स्टेशनवरून तिने मंजूषाताईला फोन लावला. "मुलाखत बरी झाली. शेवटी धन्यवाद म्हणाली."

"कशाबद्दल?"

उत्तराने सांगितलं.

"अगं बये! इथे आग्रह नसतो. तू नाही म्हणालीस, विषय संपला."

अवनीची शाळा, घर, सगळं आपण हसत हसत परत देऊन आलो.

"मग आता?"

"फोन कर तिला."

"मी? ताई, गयावया केल्यासारखं वाटेल."

"जाहिरातीखाली नंबर काय शोभेला देतात? आणि मेल लिहीत बसू नकोस, त्यातही गोड बोलशील. तिने दुसऱ्या कुणाला कळवायच्या आत कर."

आलेली गाडी उत्तराने सोडून दिली. नंबर लावला, कापला, परत लावला.

"उत्तरा? काही विसरलीस का?"

"हो. मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. विचारल्याबरोबर हो म्हणणं आमच्यात आगाऊपणा वाटतो. मागच्या कंपनीत पाच जणांचं काम मीच बघत होते. मला ही टीम हवी आहे."

मार्लूसने विचारलं, "टीममध्ये कुणी चुकलं तर त्यालाही असंच गोड सांगशील?"

नाही हो, असं कसं, हे ओठांवर आलं होतं. उत्तराने ते गिळलं. "सवय तशीच आहे," ती म्हणाली. "पण बघा, अर्ध्या तासात खरं सांगायला तुम्हाला फोन केला."

"मंगळवारी ये. माझ्या टीमशी बोल. शब्द देत नाही. आणखी दोन उमेदवार आहेत."

"येईन." फोन ठेवायची वेळ झाली होती. उत्तराने ठेवला नाही. "त्या दोघांपेक्षा मी कुठे कमी पडते, सांगाल?"

मार्लूस सांगायला लागली. अगदी स्पष्ट, काहीही न झाकता. उत्तरा फलाटावरच्या बाकावर बसली आणि ऐकत राहिली.