पापडाएवढा रेटा

माझ्या नणंदेइतकी चिवट बाई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाली नाही, आणि पुढं होणार असेल तर देव तिच्या घरच्यांना बळ देवो! आम्ही धाड गावचे. ही बंगळुरूला उपग्रहांची विजेवर चालणारी इंजिनं बनवते. वायूचे कण विजेच्या जोरावर मागे भिरकावायचे, की उपग्रह पुढे सरकतो. रेटा मात्र एवढासा, आणि तो समजावायला ती समोर येईल त्याच्या तळहातावर भाजलेला पापड ठेवते. तिला बघायला चिखलीचे पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही सोडलं नाही. "वजन जाणवते का काकाजी? इतक्याशा रेट्यानं उपग्रह चालते! फक्त मधी थांबाचं नाही, महिनोन्‌महिने." काकाजींनी पापड खाल्ला, निरोप काही पाठवला नाही.

पण तिचं इंजिनच मधे थांबायचं! निर्वात टाकीत ते महिनाभर अखंड चालवून दाखवायचं होतं. दोनदा बंद पडलं, दोन्ही वेळा पाळी बदलताना. लक्ष ठेवणारा एक उठला होता, दुसरा यायचा होता. तिसऱ्यांदा पडलं तर काम गुंडाळू, असं साहेबांनी बजावलं. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात, आणि पुढच्यानं वीणा हातात घेतल्याशिवाय आधीचा हलत नाही. पहाऱ्यांचा कागद माझे सासरे लावतात. हिनं तस्साच कागद प्रयोगशाळेच्या भिंतीवर डकवला! केरळचा इंजिनिअर, ओडिशाची पोरगी, सगळे "पहारा, पहारा" म्हणायला शिकले. सासरे रोज फोनवर एकच विचारत, "टेकली तं नाही ना वं?" महिना भरला त्या दिवशी ती एवढ्यानं ओरडली की फोनची गरजच नव्हती. "बाबा, नाही टेकली! आपलं इंजिन वर जाऊन राह्यलं!" सासऱ्यांनी डोळे पुसले आणि गल्लीभर पेढे वाटले. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

यंदा ती सप्ताहाला आली. सासऱ्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव कागदावरून गाळलं होतं. त्यांच्या दुपारच्या पहाऱ्याला वीणा घेऊन ती उभी राहिली. ते शेजारी खुर्चीवर बसले आणि वीणेच्या भोपळ्याला खालून तळहात लावून राहिले. तासभर झाला तरी हात काढला नाही. मी हळूच म्हटलं, "मामाजी, काढा आता हात. तिनं धरलीय ना."

उत्तर तिनंच दिलं, मान न वळवता. "राहू द्या वहिनी. मले रेटा जाणवून राह्यला."