अळ्यांचा डॉक्टर

आधी चहाचा कप खाली ठेवा, मग सांगतो. हसताना अंगावर सांडला तर मलाच बोल लावाल.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. आठवडाभर माझ्याशी सगळ्यात जास्त बोलते ती सोसायटीची लिफ्ट. घर लोणी काळभोरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पण आई गेल्यापासून तिकडे जाणंच कमी झालं होतं. वडील, म्हणजे आप्पा, आणि मी, दोघंही अबोल. फोनवर "जेवलास?" "जेवलो." संपलं.

अशा आप्पांनी एकदा स्वतःहून फोन केला. "आठ दिस लग्नाला चाललोय. म्हशी बघशील का? आन चाऱ्याच्या मक्यावर नजर ठेव."

चक्क मका माझ्या हवाली! लगेच दोन आठवड्यांची सुट्टी टाकली. म्हटलं, या वेळी आप्पांना काहीतरी करून दाखवायचंच.

दुसऱ्या दिवशी मक्यात शिरलो, तर काय? पोंग्यापोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळ्या. त्यातल्या कित्येक मरून कडक झालेल्या, अंगावर पांढरी-हिरवी बुरशी. अळी होतीच, आता रोगही आला! आप्पांना एक फोन करायला काय झालं होतं? पण मग करून काय दाखवणार? थेट औषधाच्या दुकानात गेलो.

"बुरशीवरचं एकदम जालीम काहीतरी द्या."

"कशासाठी, हे विचारू की नको?" दुकानदार म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत पाठीवर पंप घेऊन सगळा मका धुऊन काढला. बुरशी थांबली. मी खूश. अळ्या माझ्याहून खूश.

आप्पा परतले आणि थेट मक्यात जाऊन एकेक पोंगा उलगडून बघू लागले. मी पराक्रम सविस्तर सांगितला.

"ती बुरशी म्याच सोडली व्हती," ते शांतपणे म्हणाले. "पुडी आणून फवारली व्हती, अळी मरावी म्हून. रोग मक्याला न्हवता, अळीला व्हता. आन तू तिला बरी केलीस."

वर औषध मारलेला मका म्हशींना घालता येईना. उरलेली सुट्टी मी शेजाऱ्यांच्या बांधावरचं गवत कापण्यात काढली.

हिंजवडीला परतलो तेव्हा फार एकटं वाटलं. आता "जेवलास?" पण गेलं, असंच धरून चाललो होतो. शनिवारी फोन वाजला.

"उद्या येतोयस?"

"येतो की, आप्पा. काय आणू?"

"कायबी आणू नगं. कायबी करू नगं. नुसता येऊन बस."

तेव्हापासून दर रविवारी जातो आणि बांधावर आप्पांशेजारी नुसता बसतो. शेतीतलं तेवढं एकच काम मला बिनचूक जमतं.