सत्तावीस मिलिमीटर

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, त्याची मला आता किळस येते. जालन्यातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवते. पीएच.डी. केली ती कॅन्सरच्या गाठींवर, म्हणजे कुठली गाठ कोणत्या दिवशी केवढी होईल हे सांगणाऱ्या समीकरणांवर. प्रबंधाचे दोन भाग. पहिल्या भागात गाठ वाढते, आधी भराभर आणि मग जागा नि अन्न कमी पडलं की सावकाश. दुसऱ्या भागात तिच्यातल्या पेशी सुटतात आणि सरपटत आसपासच्या मांसात शिरतात. हे सगळं मी कम्प्युटरवर केलं, आकडे उंदरांचे घेतले. खरी गाठ पहिल्यांदा पाहिली ती माझ्या आत्याच्या तोंडात.

आत्या म्हणजे सोनूबाई. हसनाबादला आमची मोसंबीची बाग आहे. नवरा वारल्यावर आत्या माहेरी आली आणि त्या बागेचीच होऊन गेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, कल्याणदादा अकराचा. दोघांना तिनेच वाढवलं. शाळेतून रडत आलं तर आधी धपाटा आणि मग पोळीवर गूळ, ही तिची माया. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण सुपारीएवढं फळ अंगठा आणि बोटात धरून ते दिवाळीला केवढं होईल ते सांगायची. बाग पाहायला आलेले व्यापारी झाडामागे किती कॅरेट निघतील याचा अंदाज मुद्दाम कमी सांगायचे. ती तोंडातली मिसरी थुंकून म्हणायची, "शेटजी, दोन कॅरेट खिशात घालून चालले का?" शेटजी हसायचे आणि अंदाज वाढवायचे.

त्या मिसरीनेच घात केला. जानेवारीत तिच्या डाव्या गालाच्या आत गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुकडा तपासून स्वच्छ सांगितलं की तीन आठवड्यांत ऑपरेशन करा, गाल आणि जबड्याचा थोडा भाग जाईल, पण बाई जगेल.

अक्षताचं, म्हणजे कल्याणदादाच्या मुलीचं, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सोयऱ्यांना कळलं तं म्हणतील, यांच्या खानदानातच कॅन्सर हाये. अन् अर्ध्या तोंडाची आत्या मांडवात कुठं बसवू म्या?"

ज्या बाईने याचं शेंबडं नाक पुसलं, तिच्या तोंडाची याला लाज! तिथेच मी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण पुढे तो म्हणाला, "तू याच्यावरच शिकली ना? मंग हिशेब कर. लग्नापर्यंत थांबलं तं चालंल का?"

आणि मी फुगले. मी काय शिकले हे त्या घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पोरं ज्या व्हर्नियरने लोखंडी गोळ्यांचा व्यास मोजतात, तो मी घरी नेला, डेटॉलने पुसला आणि आत्याला म्हटलं, आ कर. तिला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड मिटलं नाही. डॉक्टरांच्या कागदावर अठरा मिलिमीटर होते, माझ्या मापात एकोणीस भरले. आकडे समीकरणात घातले. लग्नाच्या आठवड्यात सत्तावीस.

मी मारे रंगीत आलेख छापून आणला. दादाने तो लग्नपत्रिकांच्या पिशवीत जपून ठेवला आणि भावकीत कुजबुज झाली की काढून दाखवायला लागला. "घरातल्याच डॉक्टरनं हिशेब केला हाये. चार महिन्यांत जादा काही होत न्हाई."

दुसरा भाग मी त्यात घातलाच नव्हता. पेशी किती लांब सरपटल्यात ते व्हर्नियरने मोजता येत नाही, त्याला गळ्याची तपासणी लागते. हे मला माहीत होतं. "हे फक्त आकाराचं आहे हं," असं मी एकदा पुटपुटलेही. कोणी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही म्हणून मला बरंच वाटलं. घाण वाटते आता ते आठवून.

लग्नात आत्या मागच्या खोलीत बसली. गालाला पदर, समोर पातळ वरणाची वाटी. गाठ चिघळली होती, वास येत होता. वरमाई भेटायला येणार म्हटल्यावर दादाने आत जाऊन त्या खोलीत, अगदी आत्याच्या पदरावरसुद्धा, अत्तर फवारलं. अक्षताला मागच्या दाराने दोन मिनिटं आणली. आत्याने तिच्यावर दोन अक्षता टाकल्या आणि पदर पुन्हा ओढून घेतला. मी शेजारी पैठणी नेसून उभी होते.

लग्नानंतर चौथ्या दिवशी संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी गाठ मोजली. सत्तावीस मिलिमीटर. दादा तिथेच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बराबर निघालं बघ!" मग डॉक्टरांनी आत्याच्या जबड्याखाली बोट ठेवलं आणि ते हळूहळू गळपट्टीच्या हाडापर्यंत खाली नेलं. वाटेत चार ठिकाणी गाठी लागल्या, तिथे ते थांबले. पुढच्या तपासणीत फुप्फुसातही गाठ सापडली. आता कापण्यात अर्थ नाही, दुखणं कमी ठेवू, एवढंच ते म्हणाले. दादा खुर्चीत बसून राहिला. माझा आकडा अचूक होता आणि त्या अचूक आकड्यानेच माझ्या आत्याचं मरण ओढवून आणलं.

जूनच्या आरंभी हसनाबादला गेले तर आत्या बागेत होती. एका झाडाच्या खोडावर डिंक्या पडला होता, सालीतून डिंक गळत होता. ती चाकूने साल खरवडत होती. बोलताना गाल ओढला जायचा, शब्द जड यायचे.

"वली जागा दिसती तितकीच खरवडली तं झाड जातं," ती म्हणाली. "रोग सालीखालून फुडं गेलेला असतो. चांगली साल बी दोन बोटं काढाया लागती. तुह्या पुस्तकात हे न्हाई का?"

"आहे आत्या. दुसऱ्या भागात."

"मंग कल्याणला काहून न्हाई सांगितलं?"

मी खाली पडलेले सालीचे तुकडे वेचायला लागले.

"तू म्हणली थांबता येतं, म्हणून म्या थांबले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. तिने खरवडलेल्या खोडाला लावायच्या बोर्डोपेस्टचा डबा माझ्या हातात दिला, फांदीवरचं सुपारीएवढं फळ अंगठ्यात आणि बोटात धरलं आणि विचारलं, "हे उतरवाया दिवाळीला म्या असंन का? तवा गप बसलीस. आता बोल."

या वेळी दोन्ही भागांचे आकडे माझ्याकडे होते.

"न्हाई, आत्या."

"हां," ती म्हणाली, आणि खोडाकडे वळून उरलेली दोन बोटं साल काढायला लागली.