पाठमोरा परीक्षक

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गाण्याच्या बाबतीत दिनकरकाकांचा शब्द शेवटचा. नोकरी फायलींची, पण जीव पेटीत. मराठी मंडळाच्या भजनस्पर्धेत ते परीक्षक असले की स्टेजकडे पाठ करून बसत. गाणारीची पैठणी दिसली की सूर गोड वाटायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. लोक हसत, पण निकालाला कुणी हरकत घेत नसे.

शहाण्णव साली त्यांच्या लेकीने, निधीने, कॉलेजातल्या तीन मुलांबरोबर रॉक बँड काढला आणि काकांची पंचाईत झाली. गुडगावला फ्लॅट विकणाऱ्या एका नव्या कंपनीने अर्धवट इमारतींमधल्या मैदानावर बँडचा कार्यक्रम ठेवला. काकांच्या ऑफिसातले विश्वनाथ नोकरी सोडून त्याच कंपनीत गेले होते, त्यांनीच तो जमवला. काका म्हणाले, मी येणार नाही. तिथे दिवे दिसतील, गर्दी दिसेल. मला टेप आणून द्या. सूर खरा असेल तर खुशाल गा, नसेल तर हे सगळं बंद.

टेप करायचं काम वरच्या मजल्यावरच्या माझ्याकडे आलं. गेटवर रेकॉर्डिंगला मनाई होती, म्हणून पर्समध्ये डब्याखाली छोटा रेकॉर्डर लपवून नेला. निघताना सेल सापडेनात, तेव्हा आमच्या नव्या टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढून घातले. पुढे आठवडाभर आमचे हे उठून चॅनेल बदलत होते. मी चकार शब्द काढला नाही.

मैदानावर निधी अशी गायली की माझ्या अंगावर काटा आला. रॉकमधलं मला ओ की ठो कळत नाही, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेटी पुढ्यात घेऊन टेप लावली. पहिलंच गाणं दहा मिनिटांचं. सुरू झालं काळी दोनमध्ये, संपताना पांढरी तीनला, म्हणजे एक पट्टी वर टेकलं. काकांनी सूर धरून दोनदा खात्री केली आणि टेप बंद केली.

"लय पळते आणि सूर चढतो," ते म्हणाले. "स्वतःचा षड्ज सांभाळता येत नाही तुला."

निधी म्हणाली, मग गिटारही चढतेय का? तर म्हणे, सगळे एका माळेचे मणी. ती आत गेली. चार दिवस त्या घरात गुणगुणणंसुद्धा ऐकू आलं नाही. मला काकांचा मनापासून राग आला होता.

रविवारी सकाळी मी खाली काकांकडे विरजण मागायला गेले. विनयाकाकू मटार सोलत टेप ऐकत बसल्या होत्या. लेकीचा आवाज होता, पुरे झाला त्यांना. कॅसेट शेवटापर्यंत गेली आणि एक चिरका, घाईघाईचा आवाज हिंदीत स्वतःचं नाव सांगून सगळ्यांचे आभार मानू लागला. काकूंना हसू आवरेना. "अहो, तुमचे विश्वनाथ बघा, बालवाडीत गेलेत."

काका अर्धी दाढी करून तसेच बाहेर आले. विश्वनाथांचा आवाज म्हणजे खर्जातला; पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर ऐकलेला. त्यांनी तेवढा भाग तीनदा ऐकला. मग माझ्याकडे वळले.

"सुकन्या, सेल कुठले घातले होतेस?"

मी रिमोटचं कबूल केलं. काकांना उलगडा झाला. सेल उतरत गेले, रेकॉर्डर मंदावत गेला, म्हणून घरच्या टेपरेकॉर्डरवर नेहमीच्या वेगाने वाजवताना सगळं चढत गेलं. बँड जागच्या जागी होता.

त्यांनी टेपरेकॉर्डरचं मागचं झाकण उघडलं. मोटरला वेग कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. निधीला हाक मारून त्यांनी प्रत्येक गाण्याचा मूळ सूर विचारून घेतला. डावा हात पेटीवर, उजव्या हातात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर. टेप चढू लागली की स्क्रू केसभर फिरवायचा, असं पाऊण तास ते लेकीला साथ करत बसले. गालावरचा साबण वाळून गेला. शेवटी विश्वनाथ आपल्या भारदस्त आवाजात "धन्यवाद" म्हणाले, तेव्हाच त्यांनी हात काढला.

निधी दारातच उभी होती. काका तिला म्हणाले, "टेप अर्धवट ऐकून निकाल दिला मी. आजवर कुणाच्या बाबतीत असं केलं नव्हतं, नेमकं तुझ्याच केलं. तू गा."

ती रडली आणि मीही रडले. मटार काकूंनी एकटीनेच सोलून संपवले.

पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर बँड परत उभा राहिला. या वेळी काका आले. पहिल्या रांगेत खुर्ची उलटी फिरवून, मागच्या लोकांकडे तोंड करून बसले. पोरं फिदीफिदी हसत होती, यांना त्याचं काही नाही. दुसरं गाणं संपलं तसे ते उठले आणि खुर्ची सरळ करून स्टेजकडे तोंड करून बसले.

मी वाकून विचारलं, "काका, आता परीक्षण कसं करणार?"

"नाही करायचं," ते म्हणाले. "आज नुसतं बघायचंय तिला."